परमुलखातील राजचिता रंगवताना : फ्लॉरेन्स येथील छत्रपती राजाराम महाराजांच्या अंत्यसंस्काराचे चित्र करू इच्छिणाऱ्यांसाठी

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडचा दौरा आटोपून परत येत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात वारले. वय जेमतेम विशीचे होते. दहनाची चाल नसलेल्या त्या शहरात खास परवानगी काढून, मुन्योने नावाची छोटी नदी अर्नो नदीला मिळते त्या संगमावर, रात्रीच्या वेळी हिंदू पद्धतीने त्यांचे दहन करण्यात आले आणि रक्षा अर्नोत सोडण्यात आली. चित्रकाराला मोह पडावा असाच हा प्रसंग आहे, कारण त्यात राजा आहे, अग्नी आहे, नदी आहे, रात्र आहे आणि परका मुलूख आहे. मात्र नेमक्या याच पाच गोष्टींमुळे पहिल्यांदा ऐतिहासिक चित्र करणारा माणूस नाटकी दृश्याकडे घसरतो. हे चित्र करताना कोणत्या क्रमाने गेल्यास घोळ टळतो, ते पुढे सांगितले आहे. विषय दुसऱ्या एखाद्या राजाच्या अंत्यविधीचा असला तरी क्रम साधारण हाच राहील.

काय जवळ असावे

कागदपत्रांपैकी पहिली महाराजांची रोजनिशी. ती कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. ती इंग्रजीत आहे, स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपलेली असल्याने तिच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. त्याखेरीज डिसेंबर १८७० मधील वर्तमानपत्रांतील वृत्तान्त, महाराजांची प्रतिमा, फ्लॉरेन्सचा एकोणिसाव्या शतकातील नकाशा, १८७० सालचे पंचांग किंवा तिथी काढून देणारे संगणकीय साधन, आणि अंत्येष्टी सांगणाऱ्या जाणत्या गुरुजींशी निवांत बोलण्याची सोय. चित्रसामग्रीत तैलरंग, ताणलेला व जेसो (रंग धरण्यासाठीचा पांढरा लेप) लावलेला कॅनव्हास, लिनसीड तेल, कोळशाच्या कांड्या आणि खर्ड्यांसाठी राखाडी किंवा तपकिरी रंगाचा कागद पुरे. पांढऱ्या कागदावर रात्रीचे खर्डे करू नयेत, कारण कागदाचा पांढरेपणाच डोळ्याला फसवतो आणि सगळ्या छटा आहेत त्यापेक्षा काळ्या भासतात.

१. आधी राजा नक्की करा

हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण पहिला सापळा इथेच आहे. साताऱ्याच्या गादीवरील रामराजे बाजूला ठेवले तरी राजाराम नावाचे तीन छत्रपती आहेत. पहिले म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र, जे १७०० मध्ये सिंहगडावर वारले. दुसरे आपल्या चित्राचे नायक. तिसरे म्हणजे शाहू महाराजांचे पुत्र, जे १९४० पर्यंत गादीवर होते. इंटरनेटवर नुसते नाव टाकून शोध घेतला की तिसऱ्यांची छायाचित्रे दुसऱ्यांच्या नावाखाली सर्रास सापडतात आणि त्यावरून काढलेली रेखाटनेही फिरत असतात. छायाचित्रातील व्यक्ती पस्तिशीच्या पुढची दिसत असेल तर ते दुसरे राजाराम नव्हेत एवढे पक्के समजावे, कारण त्यांना तेवढे आयुष्यच लाभले नाही.

चेहऱ्यासाठी फ्लॉरेन्समधील स्मारकाचा आधार घेण्याची प्रथा आहे. संगमाजवळ छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. तो चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने केला आणि १८७४ मध्ये तो तिथे बसवण्यात आला. मात्र तो मृत्यूनंतरचा, स्मरणासाठी घडवलेला चेहरा आहे. त्यावरून पागोटे, दागिने आणि चेहऱ्याची ढब घ्यावी, पण त्यातला रुबाब चितेवरील देहाला चिकटवू नये.

२. कोणता क्षण, ते ठरवा

अंत्यसंस्कार हा एक क्षण नसून मोठी साखळी असते. हॉटेलातून देह बाहेर काढणे, शहरातून संगमापर्यंतची वाट, चिता रचणे, अग्नी देणे, चिता पेटून उठणे, ती विझत आल्यावर रक्षा नदीत सोडणे. नवखा चित्रकार यातली सगळ्यात मोठी ज्वाला निवडतो. माझे मत उलट आहे. ज्वाला उंच गेली की माणसे लहान होतात, देह दिसेनासा होतो आणि चित्र कोणत्याही आगीचे होऊन बसते. अग्नी देण्याच्या आधीचा किंवा लगेच नंतरचा क्षण घेतला, तर लाकडांची रचना, वस्त्र, हातातील वस्तू आणि चेहऱ्यांवरील ताण हे सर्व दिसते, आणि उजेड अजून लहान असल्यामुळे भोवतालचा अंधार खराखुरा मोठा वाटतो. दुसरा चांगला पर्याय म्हणजे फटफटताना रक्षाविसर्जनाचा. त्यात अग्नी जवळजवळ नाही, पण नदी आहे.

एकाच चित्रात सगळी साखळी दाखवण्याची आपल्याकडे जुनी आणि समर्थ परंपरा आहे. मेवाडच्या जगतसिंह महाराणांसाठी सतराव्या शतकाच्या मध्यावर तयार झालेल्या सचित्र रामायणात साहिबदीन हा चित्रकार एकाच पानावर तीच व्यक्ती दोन-तीन ठिकाणी दाखवून कथा पुढे नेतो. या रामायणाच्या बालकांडाची काही पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तैलरंगातील वास्तववादी चित्रात मात्र ही युक्ती चालत नाही. ती वापरायची असेल तर शैलीच लघुचित्राची घ्यावी. दोन्हींची भेसळ करू नये.

३. पुराव्याचे तीन रकाने करा

एका वहीत तीन रकाने आखावेत : पक्के, संभाव्य आणि आपल्या मनाचे. चित्रात येणारी प्रत्येक वस्तू यांपैकी एका रकान्यात लिहिल्याशिवाय कॅनव्हासवर नेऊ नये. स्थळ, तारीख, रात्रीचा विधी, अर्नो नदी हे पक्क्यात जातात. शालींचे रंग, कोण कुठे उभे होते, लाकूड कोणत्या जातीचे होते या गोष्टी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात राहतील.

रोजनिशी वाचताना एक ध्यानात ठेवावे : रोजनिशी लिहिणारा स्वतःच्या दहनाचे वर्णन करत नाही. तिच्यातून महाराजांची दिनचर्या, लवाजमा आणि वावरण्याची पद्धत घ्यावी. शेवटच्या रात्रीसाठी वर्तमानपत्रे पाहावीत. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते, त्यामुळे वार्ताहरांची तिथे वाण नव्हती. १८५९ मध्ये सुरू झालेले ‘ला नात्सिओने’ हे तिथलेच दैनिक. इटालियन येत नसेल तर भाषांतराच्या यंत्रावर विसंबून न राहता भाषा जाणणाऱ्याकडून मजकूर वाचून घ्यावा, कारण विधीतील वस्तूंची नावे युरोपीय वार्ताहरांनी आपापल्या समजुतीने लिहिलेली असतात आणि यंत्र त्या गैरसमजाचे आणखी भलतेच करून ठेवते.

त्या काळच्या सचित्र साप्ताहिकांतील कोरीव ठशांची चित्रे पाहून हुरळून जाऊ नये. ठसे कोरणारा कारागीर पुष्कळदा प्रसंगी हजर नसे. बातमी वाचून आणि हाताशी असलेली ‘हिंदुस्थानी’ चित्रे समोर ठेवून तो काम उरकत असे. अशा चित्रातील माहूत, वाघाची कातडी आणि भाला तिसऱ्या रकान्यातही घेण्याच्या लायकीचे नसतात.

४. स्थळ १८७० चे करा, आजचे नव्हे

हा संगम कॅसिने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. अर्नो तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, उद्यान तिच्या उजव्या काठावर आहे आणि मुन्योने उत्तरेच्या अंगाने येऊन मिळते. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला संगमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको, पण ही जागा चित्रात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमासारखी दिसली तर पंचाईत होईल. तिथे दगडी घाट नाही, पायऱ्या नाहीत, दीपमाळ नाही. सपाट, मातीचा, झाडांनी वेढलेला काठ आहे.

आज त्या जागी गेल्यास दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक म्हणजे छत्री. ती दहनानंतर उभी राहिली, तेव्हा दहनाच्या चित्रात तिला जागा नाही. छत्रीचा आराखडा करणारे चार्ल्स मॅन्ट यांनीच पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला, त्यामुळे पार्श्वभूमीला राजवाड्याची आठवण म्हणून त्याचे मनोरे घालण्याची कल्पनाही सोडून द्यावी. तो १८७० मध्ये नव्हताच. दुसरी गोष्ट म्हणजे तारांनी तोललेला मोठा पूल. महाराजांच्या स्मारकावरूनच त्याला ‘इंदियानो’ म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात, पण तो १९७० च्या दशकात बांधला गेला. आजची छायाचित्रे समोर ठेवून काम करणाऱ्याच्या चित्रात त्याचा एखादा खांब झाडाच्या आडून डोकावल्याचे मी पाहिले आहे.

फ्लॉरेन्स ओळखू यावे म्हणून कॅथीड्रलचा घुमट क्षितिजावर काढण्याचा मोहही होतो. घुमट पंधराव्या शतकातला असल्याने कालविसंगती होत नाही, पण तो कित्येक किलोमीटर दूर आहे आणि वेळ रात्रीची आहे. तो दिसलाच तर पहाटेच्या चित्रात, पूर्वेकडे, नखाएवढा. त्याच कॅथीड्रलचा संगमरवरी दर्शनी भाग १८७० मध्ये पूर्ण झालेला नव्हता, तेव्हा शवयात्रा शहरातून जाताना दाखवणार असाल तर त्याकडे विशेष लक्ष द्यावे.

झाडांचेही तसेच. डिसेंबरात पानगळ झालेली असते, पण कॅसिनेमध्ये सदाहरित ओकही आहेत. सगळी झाडे उघडी केली तर चुकते आणि सगळी हिरवी केली तरी चुकते.

५. माणसे

राजाच्या चितेभोवती हजारोंचा समुदाय असतो ही आपल्या मनातली प्रतिमा इथे गैरलागू आहे. परदेशच्या दौऱ्यावर बरोबर असलेला लवाजमा मोजकाच होता. चित्राचा खरा जीव त्या मोजकेपणात आहे. स्वतःच्या राज्यात ज्याच्यासाठी अवघे शहर लोटले असते, त्याच्याभोवती इथे थोडीच आपली माणसे आहेत आणि पलीकडे अनोळखी लोक.

वारस म्हणून लहान राजपुत्र दाखवू नये. महाराजांना पुत्र नव्हता. राणीसाहेबांनी दत्तक घेतला तो पुढच्या वर्षी, १८७१ मध्ये. अग्नी देणारी व्यक्ती वृत्तान्तातून निश्चित होत नसेल, तर ती पाठमोरी रंगवावी. पाठमोऱ्या आकृतीला चेहरा द्यावा लागत नाही आणि बघणारा आपोआप तिच्या जागी उभा राहतो.

राणी किंवा दासी चितेजवळ दाखवण्याची चूक जुन्या चित्रांवरून उचलली जाते. महाराजा रणजितसिंह यांचे दहन १८३९ मध्ये लाहोरला झाले, तेव्हा त्यांच्या काही राण्या व दासी सती गेल्या. त्या प्रसंगाचे १८४० च्या सुमाराचे पहाडी शैलीतील चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि राजचितेचा संदर्भ शोधू लागले की ते पुढ्यात येतेच. ते चित्र जरूर अभ्यासावे, पण त्याचा फ्लॉरेन्सशी संबंध नाही. १८२९ च्या बंगालमधील सतीबंदीला तोवर चार दशके उलटली होती.

कपड्यांबाबत सर्वांत मोठा धोका शिवकालाचा. मराठा राजा म्हटले की हात आपोआप शिवकालीन अंगरखे आणि ढाल-तलवारी काढू लागतो. हे १८७० साल आहे, कडाक्याची थंडी आहे. लांब कोट, शाली, उपरणी, पागोटी आणि पायात बूट असा मिश्र वेष अधिक सयुक्तिक ठरतो. विधीत थेट भाग घेणारे मात्र थंडीतही धोतर-उपरण्यावर असतील, आणि हा फरक चित्रात फार बोलका होतो. युरोपीय पुरुषांना फ्रॉक कोट आणि उंच टोप्या द्याव्यात. त्यांना गर्दीत मिसळू न देता थोड्या अंतरावर ठेवावे.

६. विधीतील वस्तू विचारून घ्या

इथे पुस्तकापेक्षा विचारपूस उपयोगी पडते. अग्नीचे मडके, दर्भ, तीळ, तुळस, तूप, कापूर, चंदनाचे तुकडे, पाण्याचा घट आणि त्याला भोक पाडण्यासाठी वापरायचा अश्मा म्हणजे दगड या गोष्टी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. पाण्याची धार सोडत घातलेल्या फेऱ्या उलट्या, म्हणजे डावीकडून असतात. देवळातील प्रदक्षिणेच्या सवयीने आकृत्यांची दिशा चुकते आणि जाणत्या माणसाच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येते. जानवे असलेल्या व्यक्तीचे ते अपसव्य, म्हणजे उजव्या खांद्यावर असावे. मृताच्या डोक्याची दिशा मात्र घराण्यागणिक आणि परंपरेगणिक बदलत असल्याने स्वतःच्या घरची पद्धत राजघराण्यावर लादू नये.

आणखी एक नाजूक बाब आहे. कोल्हापूरच्या राजघराण्याचे विधी वेदोक्त (वेदमंत्रांनी) की पुराणोक्त (पुराणांतील मंत्रांनी), हा वाद शतकाच्या अखेरीस शाहू महाराजांच्या काळात पेटला. त्या वादातील कोणतीही बाजू १८७० च्या चित्रात घुसवू नये. गुरुजींच्या हातात पोथी दाखवायची तर त्यावर वाचता येईल असे अक्षर काढू नये.

चंदनाचे ओंडके रचलेली चिता कवितेत शोभते. परक्या शहरात एका दिवसात जमवलेल्या चितेचे मुख्य लाकूड तिथलेच असणार, आणि चंदन असलेच तर वर ठेवण्यापुरते. साल न काढलेली, असमान जाडीची, काही ओलसर लाकडे काढावीत. ओल्या लाकडाचा धूर दाट आणि पांढरट असतो, त्याचा पुढच्या टप्प्यात उपयोग होतो.

७. उजेडाचा हिशेब

या चित्रातील सर्वांत रमण्यासारखा भाग हा आहे आणि त्याची सुरुवात पंचांगापासून होते. २२ डिसेंबर १८७० रोजी भूमध्यसागराच्या परिसरातून दिसलेले खग्रास सूर्यग्रहण झाले, म्हणजे त्या दिवशी अमावास्या होती. तिथून मागे मोजत गेल्यास ३० नोव्हेंबर हा मार्गशीर्ष शुक्ल अष्टमीच्या आसपास येतो. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. त्यामुळे उत्तररात्रीच्या दृश्यावर पौर्णिमेचे चांदणे ओतणे साफ चूक आहे. डिसेंबरच्या आरंभी फ्लॉरेन्सला सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा अंधार दीर्घ आहे आणि उजेडाची साधने दोनच, मशाली-कंदील आणि चिता.

उजेड खालून आणि एकाच ठिकाणाहून येत असल्याने सावल्या चितेपासून बाहेर, चहूकडे पसरतात. चेहऱ्यांवर नेहमीचे वरून येणारे प्रकाशाचे गणित उलटते : हनुवटीखाली, नाकाच्या तळाशी आणि भुवयांखाली उजेड, कपाळावर अंधार. हे मनाने काढता येत नाही. घरातील सर्व दिवे बंद करून जमिनीवर एक दिवा ठेवावा, कोणाला तरी समोर उभे करावे आणि खर्डे काढावेत. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो हे तेव्हाच डोळ्यांना पटते, आणि मागच्या रांगेतील युरोपीय बघे जवळजवळ नुसत्या काळ्या आकृत्या का व्हायला हव्यात तेही कळते.

ज्वाला लाल रंगवू नये. तिचा गाभा फिकट पिवळा, जवळजवळ पांढरा असतो, कडेला नारिंगी येते आणि लाल रंग शोभतो तो निखाऱ्यांना. रात्रीच्या आकाशासमोर खालून उजळलेला धूर आकाशापेक्षा फिकट दिसतो. तोच धूर पहाटेच्या उजेडासमोर गडद होतो. नदीतील प्रतिबिंब ज्वालेच्या आकाराचे न होता तुटक, उभ्या पट्टीचे होते, आणि ते नेहमी बघणाऱ्याच्या दिशेने येते.

रंग मोजकेच ठेवावेत. बर्न्ट अंबर व अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणातून सगळा अंधार काढावा, तयार काळा वापरू नये. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा कॅडमियम ऑरेंज आणि टायटॅनियम व्हाइट एवढ्यात बाकीचे होते. तळाचे थर कमी तेलाचे आणि वरचे अधिक तेलाचे ठेवावेत, नाहीतर गडद भागांना पुढे तडे जातात. सर्वांत उजळ छटा पूर्ण चित्रात एकाच ठिकाणी, अग्नीच्या गाभ्यात असावी. मशालींनाही तोच उजेड दिला की नजर भरकटते.

८. दुसऱ्याच्या चुका पाहून घ्या

फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे त्या टस्कनीतच, शहरापासून फार दूर नसलेल्या व्हियारेज्जोजवळच्या किनाऱ्यावर, १८२२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज कवी शेली याचे दहन झाले होते. त्यावर लुई एदुआर फूर्निए या फ्रेंच चित्रकाराने १८८९ मध्ये केलेले चित्र लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. चित्र म्हणून ते मनात घर करते. परंतु उन्हाळ्याच्या उकाड्यातील प्रसंग त्याने करड्या थंडीत नेला, मंडळींना जाड कोट घातले, तिथे नसलेली कवीची पत्नी वाळूत गुडघ्यांवर बसवली, आणि दहन सोसवेना म्हणून बाजूला गेलेला शेलीचा कवीमित्र बायरन चितेपाशी उभा केला. आज कित्येकांच्या मनात तो प्रसंग त्या चित्रासारखाच घडला आहे. आपला खर्डा पूर्ण झाला की फूर्निएच्या चित्राची छापील प्रत शेजारी ठेवावी आणि आपण हवामान, उपस्थिती व पोशाख या तिन्हींपैकी कशात हीच मोकळीक घेतली आहे का, ते तपासावे.

९. रंग वाळण्यापूर्वी दाखवा

कोळशाचा पूर्ण आकाराचा खर्डा झाल्यावर तो तीन प्रकारच्या माणसांना स्वतंत्रपणे दाखवावा : विधी जाणणाऱ्याला, कोल्हापूरचा इतिहास जाणणाऱ्याला आणि चित्रकलेतील अनुभवी व्यक्तीला. तिघांना एकत्र बसवू नये, कारण मग जो अधिक बोलतो त्याचेच मत उरते. राजघराण्याविषयी लोकांच्या भावना जिवंत आहेत. देहाचे विदारक चित्रण टाळून वस्त्राने झाकलेला देह आणि फक्त मुखाचा थोडा भाग दाखवल्यास प्रसंगाची अदब राहते आणि चित्राचेही काही बिघडत नाही.

वस्तुसंग्रहालयातील प्रतिमा संदर्भ म्हणून पाहणे आणि ती आपल्या पुस्तिकेत छापणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. छापायची असल्यास संबंधित संस्थेच्या अटी वाचून लेखी परवानगी घ्यावी. जुने चित्र स्वामित्वहक्कातून मुक्त असले तरी संस्थेने काढून दिलेल्या छायाचित्राला स्वतंत्र अटी असू शकतात.

१०. चित्राखालची पाटी

पाटीवर स्थळ, तारीख आणि ‘उपलब्ध वृत्तान्तांवर आधारित कल्पनाचित्र’ हे शब्द असावेत. शक्य असल्यास पाठीमागे, कॅनव्हासच्या चौकटीवर, वहीतील तीन रकान्यांची नक्कल चिकटवावी, म्हणजे उद्या कोणी हे चित्र पुस्तकात छापले तर कशावर किती भरवसा ठेवायचा हे त्याला कळेल. वॉर्निश घाई करून लावू नये. तैलरंगाचे जाड थर आतून वाळायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि या चित्रात ते थर नेमके अग्नीपाशी असतात. छपाईसाठी छायाचित्र वॉर्निश लावण्यापूर्वीच काढून घ्यावे, कारण नंतर गडद भागांवर दिव्यांची चकाकी येते आणि अंधारातील मागची माणसे छापात हरवतात.